आधी ओळख, मग पाणी

मी जुना टी-सेट बघायला येणार म्हटलं की कोल्हापुरातल्या घरात एक गोष्ट हमखास झालेली असते. आदल्या रात्री सगळा सेट घासून, पुसून, लखलखीत करून टेबलावर मांडलेला असतो. आल्यागेल्यापुढे मळकं भांडं ठेवायचं नाही, ही इथली रीत. त्यामागचा मान मला कळतो, तरीही ती चकाकी बघून पोटात गोळा येतो. कारण जे बघायला मी गेलेली असते त्यातला बराचसा पुरावा राखेनं आणि काथ्यानं रातोरात गेलेला असतो.

गेली अनेक वर्षं मी हेच काम करते. घरोघरच्या जुन्या कपबशा, किटल्या, साखरेची आणि दुधाची भांडी ओळखायची, त्यांची नोंद करायची आणि मग गरज असेल तेवढीच साफ करायची. कुठे शिवाजी पेठेतला वाडा पाडून अपार्टमेंट उठणार असतं, कुठे भावाभावांच्या वाटण्या चाललेल्या असतात, कुठे आजी गेल्यावर तिचं फडताळ पहिल्यांदाच उघडलेलं असतं. अशा वेळी बोलावणं येतं. पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच, "ताई, याचे किती येतील?" विचारण्यात गैर काही नाही. पण किमतीच्या आधी वस्तू काय आहे ते कळायला हवं, आणि ते कळेपर्यंत तिला पाणी लावायचं नाही, हा माझा नियम आहे. मुंबईच्या चोर बाजारात, मटण स्ट्रीटवरच्या ज्या वृद्ध दुकानदारांच्या हाताखाली मी शिकले, ते नवा आलेला कप दिवसेंदिवस धुळीतच ठेवत. रोज सकाळी उचलून उजेडात धरत आणि काही न बोलता परत ठेवत.

हे सेट कोल्हापुरात आले कसे, हे समजून घेतलं की ओळखण्याचं निम्मं काम होतं. कोल्हापूर ते मिरज रेल्वे 1891 मध्ये सुरू झाली आणि मुंबईचा माल गवतात बांधलेल्या पेट्यांमधून फारसा न फुटता इथवर येऊ लागला. कागल, बावडा, विशाळगड, इचलकरंजी अशा जहागिऱ्यांची घरं, दरबारातले अधिकारी, वकील, डॉक्टर यांच्याकडे गोरे साहेब येत. त्यांना चहा कशात द्यायचा, हा तेव्हाचा खराच प्रश्न होता. त्याचं उत्तर मुंबईत हॉर्नबी रोडवरच्या व्हाइटवे लेडलॉसारख्या बड्या दुकानांत मिळे. काही बशांच्या तळाशी कारखान्याच्या शिक्क्याखाली विकणाऱ्या दुकानाचं नावही छापलेलं असतं. असं नाव दिसलं की मला फार आनंद होतो, कारण मग वस्तूचा रस्ता कळतो. पुढे 1914 चं महायुद्ध लागलं, युरोपचा माल अडला आणि जपानी माल हिंदुस्थानच्या बाजारात शिरला. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात मध्यमवर्गीय घरांत जे रंगीत सेट आले त्यातले पुष्कळसे जपानी आहेत.

घरात मात्र सगळंच "विलायती" असतं, आणि बऱ्याच ठिकाणी "महाराजांनी दिलेलं" असतं. मी ते खोडून काढत नाही. वहीत दोन रकाने करते. एकात वस्तू काय सांगते ते लिहिते, दुसऱ्यात घर काय सांगतं ते. दोन्ही जुळले तर उत्तम. नाही जुळले तरी दुसरा रकाना रिकामा ठेवत नाही, कारण आजोबांना तो सेट कुणी दिला असं घराला वाटत आलं, हीसुद्धा त्या घराविषयीची माहितीच असते.

कप बघताना तो कानाला धरून उचलायचा नाही. कान हा कपाचा सगळ्यात कच्चा भाग. तो वेगळा घडवून मग चिकटवलेला असतो. दोन्ही हातांत पोट धरायचं, किटली असेल तर झाकण आधी काढून बाजूला ठेवायचं. मग मोबाइलचा टॉर्च आत धरायचा. खऱ्या पोर्सिलेनमधून उजेड आरपार येतो आणि आत धरलेल्या बोटांच्या सावल्या बाहेरून दिसतात. उजेडाला निळसर-करडी झाक असेल तर ते कडक पोर्सिलेन: केओलिन, फेल्डस्पार आणि क्वार्ट्‌झ 1300 अंशांच्या वर भाजून केलेलं. उबदार, सायीसारखी झाक असेल तर बहुधा बोन चायना. आणि उजेड मुळीच आला नाही तर ती साधी पांढऱ्या मातीची भांडी, मग तळाशी काहीही छापलेलं असो. कपच्या उडालेल्या ठिकाणी जिभेचं टोक लावलं तर अशी माती चिकटते; पोर्सिलेन चिकटत नाही.

बोन चायनाचं नाव काढलं की काही घरांत बोलणं थांबतं. इंग्लंडातल्या स्पोडच्या कारखान्यात 1800 च्या सुमारास जे मिश्रण पक्कं झालं त्यात जवळपास निम्मा वाटा गुरांच्या हाडांच्या राखेचा असतो. कोल्हापूर भागात जैन कुटुंबं बरीच आहेत, आणि ज्या सेटमध्ये तीन पिढ्या पाहुण्यांना चहा दिला त्यात हाडांची राख आहे हे ऐकणं सोपं नसतं. मी ते लपवत नाही. एका घरातल्या आजींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आता वापरायचा नाही. पण सासूबाईंचा आहे, काचेआड राहू दे." मला तो निकाल अतिशय योग्य वाटला.

तळाच्या शिक्क्याबद्दल लोकांचे गैरसमज फार. हातानं लिहिलेला चार आकडी नंबर दिसला की ते साल समजलं जातं. 1837 लिहिलंय म्हणजे सेट व्हिक्टोरिया राणी गादीवर आली त्या वर्षीचा! बहुतेक वेळा तो नक्षीचा क्रमांक असतो, कारखान्याच्या नमुना-वहीतला. शिक्क्यातलं स्थापनेचं साल म्हणजे वस्तू घडवल्याचं साल नव्हे. "रॉयल" या शब्दानं काहीच सिद्ध होत नाही. जर्मनीतल्या माइसेन कारखान्याच्या एकमेकींना छेदणाऱ्या दोन तलवारी तर जगात सगळ्यात जास्त नकलल्या गेलेल्या खुणांपैकी आहेत. खरा उपयोग होतो तो देशाच्या नावाचा. अमेरिकेच्या 1890 च्या जकात कायद्यानं आयात मालावर मूळ देशाचं नाव घालणं सक्तीचं केलं, म्हणून 1891 पासून इंग्रजी भांड्यांवर "इंग्लंड" दिसू लागतं आणि जपानी भांड्यांवर "निप्पॉन". 1921 मध्ये अमेरिकेनं "निप्पॉन" चालणार नाही, "जपान" लिहा, असं ठरवलं. "ऑक्युपाइड जपान" असेल तर तो माल दुसऱ्या महायुद्धानंतरचा, 1952 पर्यंतचा. "चेकोस्लोव्हाकिया" असेल तर 1918 च्या आधीचा असूच शकत नाही, कारण तो देशच त्या वर्षी जन्मला. अर्थात "निप्पॉन"चे खोटे शिक्केही आता बाजारात मुबलक आहेत, त्यामुळे शिक्का हा शेवटचा साक्षीदार. आधी माती, मग रंग, मग सोनं आणि मगच तो.

रंग बघायला भिंग लागतं. दहापट मोठं दाखवणारं, सोनार वापरतात तसलं. इथल्या सराफ बाजारात, गुजरीत, सहज मिळतं. एका सेटवरचे गुलाब मी कधीच विसरणार नाही. लांबून बघितलं तर सगळे सारखे. भिंगाखाली मात्र पाकळीची तपकिरी रेषा प्रत्येक कपावर तंतोतंत एकच, म्हणजे छापलेली. आणि आतला गुलाबी रंग प्रत्येक कपावर निराळा. एका कपावर कुंचला पाकळीच्या टोकाला टेकवून आत ओढलाय, सुरुवातीला रंग दाट आणि शेवटी विरळ. दुसऱ्यावर तोच रंग रेषेबाहेर केसभर सांडलाय. तिसऱ्यावर पान रंगवायचं राहूनच गेलंय. "हँड पेंटेड" असा शिक्का असलेल्या कितीतरी सेटचं खरं रूप हे असतं: रेषा छापाची, रंग हाताचा. लोक हे ऐकून हिरमुसतात. मला ते पटत नाही. इंग्लंडात स्टोक-ऑन-ट्रेंटच्या कारखान्यांत बायका दिवसभर बसून अशी फुलं भरत, जपानात नागोयाच्या आसपास कितीतरी हात याच कामाला लागले होते. राहून गेलेलं पान हा त्या हाताचा एकमेव शिल्लक पुरावा आहे. ज्या नक्षीत भिंगाखाली नुसते ठिपकेच ठिपके दिसतात ती पूर्ण छापील, तिच्यात माणसाचा हात शोधू नये.

जपानी मालातले ड्रॅगनचे कप आपल्याकडे बरेच सापडतात. राखाडी-काळ्या पार्श्वभूमीवर उठावाचा ड्रॅगन, बोट फिरवलं तर खवले लागतात. पातळ मातीची धार सोडून तो काढलेला असतो. काही कपांच्या तळात, उजेडात धरलं तरच दिसणारा, जपानी स्त्रीचा चेहरा असतो. मातीच्या जाडीत कमीजास्त करून तो साधलेला असतो: पातळ तिथे उजेड, जाड तिथे छाया. राजारामपुरीतल्या एका आजोबांनी तो कप हातात घेतला आणि म्हणाले, "ती बाई दिसावी म्हणून आम्ही भावंडं दूध गटागटा संपवायचो." वहीच्या दुसऱ्या रकान्यात मी ते जसंच्या तसं लिहिलं.

आता साफसफाईकडे. चकचकीत थराखालचा निळा रंग कोबाल्टचा असतो आणि त्याला सहसा काही होत नाही. पण लाल, हिरवा, गुलाबी हे रंग थराच्या वर बसवून साधारण 700 ते 850 अंशांवर पुन्हा भाजलेले असतात. ते वरवरच असतात, आणि त्यात जुन्या काळी शिसं असे. चिंच, लिंबू, व्हिनेगर यांनी ते रंग हळूहळू खाल्ले जातात. म्हणूनच जुन्या रंगवलेल्या कपांत लिंबाचा चहा पिऊ नये असं मी प्रत्येक घरी सांगते. सोन्याची कड त्याहून नाजूक. 1830 च्या सुमारास माइसेनला पातळ, भट्टीतून चकाकतच बाहेर येणारं द्रवरूप सोनं तयार झालं आणि सोनेरी कड स्वस्त झाली. पण ती इतकी पातळ असते की घासणीच्या काही फेऱ्यांत निघून जाते.

म्हणून पद्धत साधी आहे. प्लास्टिकचा टब, तळाला जुना टॉवेल, कोमट पाणी, बिनवासाच्या सौम्य लिक्विड साबणाचे दोन-चार थेंब. हातातल्या अंगठ्या-बांगड्या काढून ठेवायच्या. एका वेळी एकच वस्तू. नक्षीच्या खाचेत लहान मुलांच्या टूथब्रशहूनही मऊ ब्रश. गरम पाणी नाही, डिशवॉशर नाही, भांडी घासायची पावडर नाही. धुण्याआधी बोटाच्या नखानं हलकेच टिचकी मारून बघायची. खणखणीत नाद आला तर ठीक, बद्द वाजलं तर कुठेतरी तडा आहे. जुन्या काळी फुटलेली भांडी लाखेनं जोडत, किंवा पितळी तारेचे टाके घालून सांधत. लाख गरम पाण्यात मऊ होते, आणि सांधा सुटतो. अंधाऱ्या खोलीत अतिनील टॉर्च टाकला तर अशी दुरुस्ती बहुधा वेगळ्या रंगात उजळून दिसते. टाके घातलेली किटली मी कधीच उसवू देत नाही. कुणीतरी ती फेकण्याऐवजी कारागिराला पैसे देऊन जोडून घेतली होती, ही तिची खरी श्रीमंती.

कपाच्या आतले चहाचे डाग सगळ्यांना खुपतात. आतली बाजू कोरी पांढरी असेल, तडा नसेल, सोनं नसेल, तर मेडिकलमध्ये मिळणाऱ्या तीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये भिजवलेला कापूस डागावर ठेवायचा, वर प्लास्टिक झाकायचं, काही तासांनी स्वच्छ पाण्यानं धुवायचं. गरज पडली तर पुन्हा. घाई केली की नुकसान ठरलेलं.

ऑगस्ट 2019 च्या महापुरात हे सगळं कसाला लागलं. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट. पाणी 55 फुटांच्या वर गेलं. शाहूपुरी, लक्ष्मीपुरी, सखल भागातली घरंच्या घरं पाण्यात. त्यातून 2021 च्या जुलैत पुन्हा पूर. पाणी ओसरल्यावर फोन यायला लागले. धान्य, कपडे, गाद्या, कागदपत्रं गेलेल्या घरांत टी-सेटबद्दल बोलायला माणसं आधी संकोचत, मग म्हणत, "एवढंच राहिलंय आईचं." रोगराई नको म्हणून घराघरांत ब्लीचिंग पावडर वाटली गेली होती, आणि तीच पाण्यात कालवून भांडी रात्रभर भिजत टाकलेली. फरशीला ते ठीक. पण ज्या मातीच्या भांड्यांच्या थराला केसासारख्या भेगा पडलेल्या असतात त्यात ते पाणी आत मुरतं, सुकताना आतल्या क्षारांचे स्फटिक होतात, फुगतात आणि वरचा थर पापुद्र्यांनी सुटायला लागतो. कित्येक महिन्यांनी. असा एक सेट माझ्या हातात आला तेव्हा बशीवरची निळी फुलं बोटाला चिकटून येत होती. तो मी दिवसेंदिवस साध्या, मग शुद्ध पाण्यात बदलून-बदलून ठेवला, क्षार बाहेर काढले. सुटलेली फुलं परत आणता आली नाहीत.

पुराचा चिखल पुसायचा नसतो. त्यात वाळू असते आणि पुसताना ती सोनं ओरबाडते. चिखल वाहू द्यायचा, बारीक धारेखाली, स्वतःहून सुटेल तेवढा.

एका जुन्या घरातलं काम मात्र साफसफाईचं नव्हतंच. दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात इंग्रजी सेट होता, निळी वेलबुट्टी, सोन्याची कड जवळजवळ जशीच्या तशी. नोंद झाली. निघताना परसदाराजवळच्या कोनाड्यात एक कप दिसला, कान नसलेला, काळवंडलेला. "तो राहू दे ताई, तो सेटमधला नाही," सूनबाई म्हणाल्या. मी तो उलटा केला. तोच शिक्का, नक्षीचा तोच क्रमांक. फक्त सोनं पूर्ण गेलेलं आणि कडेचा थर राखेनं खरबरीत झालेला. कपाटातले कप वर्षातून एखाद्या वेळी वापरले गेले होते. हा कोनाड्यातला रोज. घरातल्या वृद्ध आत्यांनी सांगितलं ते त्यांच्या शब्दांत असं: "कान तुटला तसा तो बाहेर ठेवला. ज्यांना आत घेत नव्हते त्यांना वरनं चहा ओतायचा. पिऊन त्यांनीच धुऊन ठेवायचा."

हे कोल्हापूरचंच आहे, आणि दुसरीही गोष्ट कोल्हापूरचीच आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या पदरी असलेल्या गंगाराम कांबळे यांना पाण्याला शिवल्यावरून मारहाण झाली, तेव्हा महाराजांनी मारणाऱ्यांना शासन केलं आणि कांबळ्यांना चहाचं हॉटेल काढायला मदत केली. भाऊसिंगजी रोडवर "सत्यसुधारक" हॉटेल उभं राहिलं. महाराज तिथे गाडी थांबवून चहा मागवत, स्वतः घेत आणि बरोबरच्या मंडळींनाही घ्यायला लावत. पन्हाळ्याच्या परिसरात चहाची लागवड करून बघणाऱ्या राजानं चहाचा असाही उपयोग केला. आपण त्या हॉटेलची गोष्ट अभिमानानं सांगतो. मग तो कोनाड्यातला कपही दाखवता आला पाहिजे, नाहीतर महाराज कशाविरुद्ध उभे होते ते पुढच्या पिढीला कळणार कसं? मी त्या घरी हेच बोलले. कप घासला नाही. राखेचे ओरखडे, तुटक्या कानाची काळवंडलेली जागा, सगळं तसंच ठेवून सेटच्या नोंदीत त्याची नोंद केली आणि तो सेटच्याच पेटीत ठेवावा अशी विनंती केली. आत्यांनी मान डोलावली. सूनबाईंनी थोडा वेळ घेतला आणि स्वतःच्या हातानं तो पेटीत ठेवला.

झिजलेल्या कडेला नवं सोनं लावून द्या, असं मला अनेकदा सांगितलं जातं. बाजारात लावून देणारे आहेत. मी लावत नाही. कपाची कड कुठे झिजली यावरून तो उजव्या हातानं धरला जात होता की डाव्या, बशीत ओतून प्यायचे की नाही, सेट रोजचा की सणावारीचा, हे सगळं कळतं. नव्या सोन्याखाली ते कायमचं बुजतं, आणि वस्तूची खरी किंमतही उतरते.

वाचणाऱ्यांकडे माझं एवढंच मागणं आहे. घरात जुना सेट असेल तर धुण्याआधी प्रत्येक वस्तूचे फोटो काढा, तळाचा फोटो विसरू नका. कप एकावर एक रचू नका, कानाला अडकवू नका. दोन बशांमध्ये वर्तमानपत्र घालू नका, शाई उतरते. जुन्या धोतराचा किंवा मलमलीचा तुकडा घाला. सुटा कप, कान नसलेला कप, झाकण हरवलेली किटली भंगारात देऊ नका. आणि घरातलं जे कुणी वडीलधारं आज बोलू शकतं त्यांना विचारून सेट कुणाचा, कुठून आला, कुणाला त्यात चहा मिळायचा आणि कुणाला नाही, हे साध्या कागदावर पेन्सिलीनं लिहा आणि तो कागद किटलीच्या पोटात ठेवा. कपाट पुढे कुणाच्याही वाट्याला गेलं तरी किटलीचं झाकण कधी ना कधी उघडलं जातंच.